मूल थेरपीला लावताना: दार बंद करणारं केंद्र आणि आत घेणारं केंद्र

वाढीत मागे असलेल्या आमच्या मुलाची थेरपी सुरू झाली तेव्हा तो दोन वर्षं तीन महिन्यांचा होता. पहिल्या केंद्रात आम्ही पाच महिने गेलो. त्या पाच महिन्यांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर एक दार. ४५ मिनिटं ते बंद असायचं. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सात-आठ आया मोबाईल चाळत बसायचो. मग दार उघडायचं आणि "आज छान बसला" एवढं एक वाक्य हातात पडायचं. घरी काय करू, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बोलत राहा त्याच्याशी."

एक साधा हिशोब मी तेव्हा केला नव्हता, तो तुम्ही आधीच करा. लहान मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८४ तास. आठवड्यातून दोन सेशन धरली तर थेरपीचे होतात दीड तास. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल तुमच्याजवळ, आजीजवळ, पाळणाघरात किंवा अंगणवाडीत असतं. म्हणून केंद्र निवडताना मी आता एकच गोष्ट आधी बघायला सांगते: त्या दीड तासातून बाकीच्या तासांसाठी तुमच्या हातात काय देतात? झोपाळे, रंगीत बॉल, भिंतीवरची कार्टून हे सगळं त्यानंतर.

निदानाच्या नावासाठी थांबू नका

"मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबापण तीन वर्षांचे झाल्यावर बोलले" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि कधीकधी ते खरंही निघतं. पण तपासणीला जाण्यात नुकसान काहीच नाही. थांबण्यात मात्र आहे, कारण मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो पहिल्या काही वर्षांतच.

ढोबळ खुणा अशा: तीन महिन्यांचं झालं तरी बाळ तुमच्याकडे बघून हसत नाही, पाचव्या महिन्यातही मान धरत नाही, दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा हवं ते बोटाने दाखवत नाही, तुमचा हात धरून ओढत नेतं, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत असलेले शब्द बंद झाले, टाटा करायचं थांबलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

एक खूण वेगळी काढून सांगते, कारण ती 'दचकतंय' किंवा 'पोटात मुरडा येतोय' म्हणून सोडून दिली जाते. काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकापाठोपाठ एक, मान आणि हात पुढे झटकत असेल, तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हे फिटचे झटके असू शकतात. त्यावर ईईजी (मेंदूतल्या लहरींची तपासणी) आणि औषध आधी, थेरपी नंतर.

ऑटिझमची शंका असेल तर १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी डॉक्टर वापरतात. ती चाळणीच आहे, निदान नाही. निदान पक्कं व्हायला महिने लागू शकतात, आणि चांगलं केंद्र तोवर तुम्हाला परत पाठवत नाही. मूल मागे आहे एवढं दिसलं, की काम सुरू करता येतं.

आधी कान

बोलत नसलेलं मूल घेऊन स्पीच थेरपीला गेलात आणि त्यांनी कानाची तपासणी न विचारता सेशनचं पॅकेज सांगितलं, तर उठून या. "दार वाजलं की बघतो, म्हणजे ऐकू येतं" हे पुरेसं नाही. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. ओएई आणि बेरा या दोन तपासण्यांतून ते कळतं. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, आणि इथेच अनेकांची फेरी फुकट जाते. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि मुख्य म्हणजे वाटेत एसटीत किंवा रिक्षात झोपू देऊ नका. आमचा गडी दवाखान्याच्या फाटकापाशी झोपला आणि आत नेताच टक्क जागा झाला. पंधरा दिवसांनी परत गेलो.

ऐकण्यात दोष निघाला तर वेळ फार मोलाची आहे. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी असा जगभरचा दंडक आहे. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केंद्र सरकारच्या 'एडिप' या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मदत मिळते, पण जन्मतःच ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांच्या आतली आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून असलेली अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था या कामातली मुख्य जागा.

सोयी कुठे कुठे असतात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. ज्यांच्यात काही आढळतं त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि थेरपी देणाऱ्या केंद्रात, पाठवतात. लोक त्याला डीईआयसी म्हणतात, आणि ते बहुधा सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात असतं. पथकाची गाडी येईपर्यंत थांबायची गरज नाही, मूल घेऊन थेट जा. कागदावर तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी सगळी माणसं एका छताखाली असतात. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी असू शकते, म्हणून ८० किलोमीटर जाण्याआधी फोन करून विचारा: स्पीचच्या मॅडम सध्या आहेत का, कोणत्या वारी बसतात?

२०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशभरात १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू केली, त्यातलं एक मुंबईत आहे. शिवाय मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतले बालविकास विभाग आहेत. संस्थांमध्ये मुंबईत 'उम्मीद' आणि 'अडॅप्ट' (जुनं नाव स्पास्टिक्स सोसायटी), गोव्यात 'सेतू' ही नावं पालकांच्या तोंडी असतात. अशा जागांची प्रतीक्षायादी लांब असते. नाव नोंदवा, पण तोवर घरी बसू नका.

मग खासगी केंद्रं. शहरात आता गल्लोगल्ली पाट्या दिसतात. त्यांतली काही उत्तम आहेत, काही म्हणजे फक्त भाड्याचा फ्लॅट आणि एक झोपाळा. खरी निवड इथेच करावी लागते.

पहिली भेट: काय बघायचं

पहिल्या भेटीत ते तुम्हाला जास्त प्रश्न विचारतात की त्यांचे दर जास्त सांगतात, याकडे लक्ष द्या. दुसऱ्या केंद्रात आम्ही गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय होतं ते सांगा. कुठे अडतं?" मी म्हटलं, खाण्याच्या वेळी. त्याला हवं ते मिळालं नाही की डोकं आपटतो.

त्यांनी कपाटातून स्टीलची वाटी काढली आणि त्यात मूठभर चुरमुरे घातले. वाटी माझ्या हातात दिली, स्वतःच्या नाही. म्हणाल्या, "दोनच द्या आणि थांबा. मनात पाच मोजा. बोलू नका." मी दोन चुरमुरे दिले. त्याने खाल्ले, वाटीकडे हात घातला, मी वाटी छातीशी धरली. एक, दोन, तीन. चारला त्याने वर माझ्या तोंडाकडे बघितलं. "आता द्या, लगेच! आणि 'दे' म्हणा." दहा मिनिटांत त्याने नऊ-दहा वेळा माझ्याकडे बघितलं असेल. पहिल्या केंद्रातल्या पाच महिन्यांत मला कोणी हे शिकवलं नव्हतं, की मी वाटी भरून पुढ्यात ठेवते म्हणून त्याला माझ्याकडे बघायची गरजच पडत नाही.

त्या दिवसापासून केंद्र बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: एक सेशन आत बसून बघू द्या म्हणा. काही मुलं आई दिसली की कामच करत नाहीत, हे खरं आहे. पण त्यावर उपाय असतात. काचेआडून बघता येतं, व्हिडिओ दाखवता येतो, शेवटची पंधरा मिनिटं पालकांना आत घेता येतं. "आमच्याकडे पालकांना आत सोडत नाहीत" हा नियमच असेल, तर कारण विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरं केंद्र बघा.

आत बसलात की मुलाच्या रडण्याचं काय होतं ते बघा. नव्या जागी मूल रडणारच. पण "रडू दे, आठ दिवसांत सवय होते" म्हणून हात धरून खुर्चीत दाबून बसवत असतील, तर ते मुळीच नको. चांगली थेरपिस्ट रडणाऱ्या मुलाबरोबर आधी जमिनीवर बसते, त्याला जे आवडतं तिथून सुरुवात करते. पालकांना हाताशी धरण्यामागे पुरावाही आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं, आणि पालकांचा प्रतिसाद व मुलांचं स्वतःहून संवाद सुरू करणं दोन्ही वाढलं. खेड्यात राहणाऱ्यांना यात मोठा दिलासा आहे.

भाषा कोणती?

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथे आहे. "घरी एकच भाषा बोला, इंग्रजी बोला, पुढे शाळा तीच आहे" असा सल्ला सर्रास दिला जातो. मग आजी नातवाशी बोलायचीच बंद होते, कारण तिला इंग्रजी येत नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गाणी म्हणता, तीच मुलाशी बोला. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर निदान तुमच्या घरातले शब्द तिला लिहून द्या: पाणी, मम्मं, भूभू, चल, दे, नको. फ्लॅशकार्डावरचं 'ॲपल' शिकण्याआधी मुलाला 'नको' म्हणता आलं पाहिजे.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही असा सल्ला ऐकावा लागतो. तिथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याने सोय आहे. पालक स्वतः नाव नोंदवू शकतात, निदान हातात असायची अट नाही, आणि साधारण ४५ दिवसांत तपासणी आणि कुटुंबासाठी योजना तयार व्हावी लागते. दुभाषी मागायचा हक्क आहे, तो संकोच न करता वापरा.

माणसं कोण आहेत

भिंतीवरचे कोर्सचे दाखले मोजू नका, नोंदणी विचारा. स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असते, तिचा क्रमांक मागा आणि ऑनलाइन तपासा. ऑक्युपेशनल आणि फिजिओथेरपिस्टची नोंद महाराष्ट्रात राज्याच्या परिषदेकडे असते. नुसतं 'ऑटिझम थेरपिस्ट' म्हणणारं कोणी भेटलं, तर मूळ पदवी काय ते विचारा. शिकाऊ मुली सेशन घेत असतील तर काही बिघडत नाही, पण वरिष्ठ व्यक्ती महिन्यातून किती वेळा मुलाला स्वतः बघते, ते कळलं पाहिजे. आणि दर दोन महिन्यांनी थेरपिस्ट बदलत असेल तर मुलाची दरवेळी नवी सुरुवात होते.

सगळ्यांची गरज सगळ्या मुलांना नसते. आमच्या ओळखीतल्या एका बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचाल अडणं) आहे, त्याला आधी फिजिओ लागली, पायाला आधार देणारे स्प्लिंट लागले, खुब्याचे एक्स-रे ठरावीक काळाने काढावे लागतात. पालक मालिशवालीला पैसे देऊन आखडलेले पाय ताणून घेत होते. जोरात ताणलं तर इजा होते, आणि नुसतं ताणून मूल बसायला शिकत नाही. बसायला ते बसण्याच्या सरावातूनच शिकतं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, विशेष शिक्षण, तिन्ही 'कॉम्बो'मध्ये घ्या म्हणणाऱ्यांना विचारा: माझ्या मुलाला यातलं आत्ता सगळ्यात जास्त काय लागतं आणि का?

असेसमेंट आणि गोल

सुरुवातीला एक नीट असेसमेंट हवी. अडीच वर्षांखालच्या मुलांसाठी 'दासी' ही बडोद्यात भारतीय बाळांवरून तयार केलेली चाचणी अनेक ठिकाणी वापरतात. आकडा काय आला, याने झोप उडवून घेऊ नका. कुठल्या भागात मूल पुढे आहे, कुठे मागे, ते समजून घ्या आणि लेखी अहवाल मागा.

त्यानंतर गोल, म्हणजे गाठायची उद्दिष्टं, ठरतात. 'लक्ष वाढवणे', 'आय कॉन्टॅक्ट सुधारणे' असे गोल असतील तर ते परत द्या. तीन महिन्यांनी ते झालं की नाही, हे कोण सांगणार? गोल असा हवा: 'चमच्यातला वरणभात स्वतः तोंडात नेईल, दहापैकी पाच वेळा', किंवा 'हवी ती वस्तू डब्यात बंद असेल तर डबा आईच्या हातात देईल'. असा गोल आजीही तपासू शकते. एका वेळी तीन पुरे.

तास, अंतर, पैसे

"आठवड्याला २५ तास हवेतच" असं काही ठिकाणी घाबरवून सांगतात. ऑटिझमच्या लहान मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये आला, त्यात तास वाढवले की फायदाही त्याच प्रमाणात वाढतो, असं ठामपणे दिसलं नाही. म्हणून कर्ज काढून तास वाढवण्याआधी थांबा.

हिशोब मांडून बघा. समजा सेशनचे ७०० रुपये, महिन्याला १२ सेशन: ८,४०० रुपये. रिक्षाचे जाऊन-येऊन २०० धरले तर आणखी २,४००. म्हणजे १०,८०० रुपये, आणि आईची बुडालेली नोकरी वेगळीच. हे दोन वर्षं झेपणार आहे का? झेपत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा येऊन घरचा कार्यक्रम घेऊन जाण्याची सोय आहे का, ते विचारा. दोन तास प्रवास करून थकलेलं मूल ४५ मिनिटं रडतं, तर घराजवळचं साधं केंद्र जास्त उपयोगाचं. सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरून 'डिस्काउंट' घेऊ नका. पहिल्या केंद्रात आमचे अडकले ते असेच.

"शंभर टक्के बरा करतो"

असं म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेलचं इंजेक्शन विकणारे आहेत, लाखांत पैसे घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत संशोधनाच्या बाहेर स्टेम सेल देणं अनैतिक आहे. सेरेब्रल पाल्सीसाठी ऑक्सिजनच्या बंद टाकीत बसवण्याचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. 'शरीरातले जड धातू काढतो' म्हणून दिलेली औषधं तर धोक्याची आहेत.

कागदपत्रं, थोडक्यात

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांच्यासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो. लहान मुलांना ते बहुधा ठरावीक मुदतीचंच मिळतं. "शिक्का बसेल" म्हणून घरचे विरोध करतात, आमच्याकडेही झाला. पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता यांच्यासाठीची राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण देते. त्यात नियमित थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो, आणि त्यासाठी हे प्रमाणपत्र लागतं. एसटीच्या तिकिटातल्या सवलतीसाठीही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, तुमच्या मुलाचा त्यात बसतो का, हे डीईआयसीतच विचारून घ्या. पावत्या आणि अहवाल एका फाईलमध्ये तारखेने लावा.

तीन महिन्यांनी

पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच वेळी, त्याच जागी, जेवताना किंवा खेळताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कारण रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. त्या तारखेला थेरपिस्टबरोबर बसून प्रत्येक गोल तपासा. एखादा गोल झाला नाही तर दोष मुलाचा नसतो. पद्धत बदलायची की गोलच लहान करायचा, यावर त्यांनी बोललं पाहिजे. "वेळ लागतो" हे उत्तर एकदा चालेल, दुसऱ्यांदा नाही. केंद्र बदलायचं ठरलं तर भांडून निघू नका. असेसमेंट आणि प्रगतीचे अहवाल लेखी मागून घ्या, नाहीतर नव्या जागी सगळं पहिल्यापासून.

आमच्या फ्रिजवर पहिल्या तीन गोलांचा तो कागद अजून चिकटवलेला आहे. दोनपुढे बरोबरची खूण आहे. तिसरा होता 'चप्पल स्वतः घालेल'. तो काही जमला नाही, म्हणून ताईंनी पेनने खोडून खाली लिहिलं: 'बाहेर जायचं म्हटलं की स्वतःची चप्पल शोधून आणेल.' ते अकरा दिवसांत जमलं, फक्त पहिल्या दिवशी त्याने आजोबांची आणली.